‘निळाशार’मधला ‘शार’

ट्रंक उघडायला अण्णांनीच सांगितलं. “आता एकदा बघूनच टाकू,” म्हणाले. चिपळुणात पाणी शिरलं ते २२ जुलै २०२१ला, आणि हा त्यानंतरचा सहावा दिवस. फरशीवरचा गाळ फावड्यानं ओढून काढून झाला होता. भिंतीवर खांद्याच्या उंचीला चिखलाची एक रेघ होती, पाणसळ लावून मारावी इतकी सरळ. रेघेच्या वर कॅलेंडरातला गणपती कोरा करकरीत आणि खाली तारखांचा लगदा.

ट्रंक पलंगाखाली होती, म्हणजे पूर्ण बुडालेली. आत अण्णांची चाळीस वर्षांची निसर्गचित्रं. अण्णा शाळेत चित्रकला शिकवायचे. आठवडाभर मुलांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घ्यायची आणि रविवारी सकाळी सायकलला बोर्ड बांधून बाहेर पडायचं, हा त्यांचा नेम. वाशिष्ठीचा काठ, परशुरामचा चढ, गोवळकोटचा धक्का, लावणी झालेली भातखाचरं. कधी हाफ शीट, कधी क्वार्टर. प्रदर्शन आयुष्यात एकही भरवलं नाही. वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये एक चित्र, असे थर रचत ट्रंक भरत गेली होती.

कागद एकमेकांना घट्ट चिकटले होते. मी एकाचा कोपरा धरून ओढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. “ओढू नको. पाण्यानं चिकटलंय ते पाण्यानंच सुटेल.” टँकरचं पाणी पिण्यापुरतंच मिळत होतं, पण आदल्या रात्रीच्या पावसानं पन्हळीखालचं पिंप भरलं होतं. त्यातलं पाणी मोठ्या परातीत घेतलं आणि एकेक थर त्यात सोडत गेलो. वर्तमानपत्र आधी सुटायचं, अक्षरं तळाशी जायची, मग हळूच चित्राचा कागद वर यायचा.

गोवळकोटच्या धक्क्याचं चित्र मला तोंडपाठ होतं. डावीकडे नांगरलेली होडी, तिच्यात वाकलेला माणूस, पलीकडच्या काठावर माड, मागे डोंगर. परातीतून ते वर आलं तेव्हा होडी नव्हती. माणूस नव्हता. माडांच्या जागी हिरवट धुरकट पट्टा होता, आणि आकाश-पाण्याचा निळा मात्र होता तिथेच होता, उलट आजूबाजूचं सगळं गेल्यामुळे जास्तच निळा दिसत होता. कागदाच्या उजव्या अंगाला गाळानं तांबूस कड धरली होती, नदीच्या नकाशासारखी वळणं घेत गेलेली.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता ते कोसळतील. ते म्हणाले, “हा प्रशियन ब्लू. हा हलायचा नाही. होडीला बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन होता, तो गेला.”

जलरंग एका अर्थानं कधीच पुरता वाळत नाही. रंगाची पूड कागदाला धरून ठेवतो तो बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, आणि पाणी लागलं की डिंक पुन्हा सुटतो. मग ज्या रंगाचे कण बारीक, ते कागदाच्या धाग्यांत आत शिरून बसलेले असतात. जे कण जाड, ते वरवर टेकलेले. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये अपघातानं सापडलेला प्रशियन ब्लू पहिल्या जातीचा. अल्ट्रामरीन, तोही निळाच, पण दुसऱ्या जातीचा. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत रव्यासारखे बसतात, म्हणून वाळल्यावर तो दाणेदार दिसतो आणि पाणी आलं की उठून जातो. अण्णांना हे सगळं ठाऊक होतं, चाळीस वर्षं हातानं ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांच्यासमोर ते एका रात्रीत पाण्यानं करून दाखवलं होतं.

तेव्हा कुणी मला म्हटलं असतं की बघ, यात केवढं सौंदर्य आहे, तर मी त्याच्यावर ओरडले असते. माझ्या वडिलांचं आयुष्य दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं होतं. पण पुण्याला परतताना अण्णांनी गोवळकोटचा तो कागद माझ्या बॅगेत घातला, आणि तो मी माझ्या टेबलासमोर लावला, आणि रोज बघत राहिले. होडी नव्हती तरी त्या कागदावर गोवळकोटची सकाळ होती. किंबहुना होडी होती तेव्हा मी होडीच बघत होते.

मी स्वतः तोवर निसर्गचित्रंच करत आले होते. अण्णांकडून आलेली तीच शिस्त: आधी आकाशाचा वॉश म्हणजे पातळ रंगाचा थर, मग लांबचं, मग जवळचं, शेवटी गडद टोन. अमूर्ताकडे जायची इच्छा होती; धीर नव्हता. त्या पावसाळ्यानंतर मात्र मला आतून सांगायचं होतं ते झाडांत आणि होड्यांत बसेना.

सुरुवात चुकीच्या टोकानं केली. भावना ठरवली आणि तिला रंग शोधला. भीती म्हणून काळा, राग म्हणून लाल, दुःख म्हणून निळा. चित्रं झाली ती भिंतीवरच्या सरकारी सूचनांसारखी: लाल म्हणजे धोका. रंगांचा असा शब्दकोश करायचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. कांडिन्स्की या रशियन चित्रकाराच्या एका जलरंगाला पुष्कळ जण पहिलं अमूर्त चित्र मानतात. त्यावर त्यानं १९१० साल घातलं आहे, अभ्यासक ते १९१३च्या सुमाराचं धरतात. ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. हाच कांडिन्स्की जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता, तेव्हा १९२३ साली त्यानं तिथल्या लोकांना एक प्रश्नपत्रिका वाटली: त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ हे पिवळ्या, लाल आणि निळ्या रंगात भरा. त्याचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं. टोकदार त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं.

माझ्याकडे शनिवारी शेजारची सात-आठ मुलं चित्रं काढायला येतात. त्यांना मी हेच तीन आकार काढून दिले. वर्तुळ निळं एकानंही केलं नाही. बहुतेकांनी ते लाल केलं, दोघांनी पिवळं. विचारलं तर एक मुलगी म्हणाली, “कुंकू लालच असतं ना.” पिवळं करणाऱ्यांतल्या एकाचे आजी-आजोबा दर वर्षी जेजुरीला जातात. आपल्याकडे पिवळा म्हणजे हळद आणि भंडारा, हिरवा म्हणजे चुडा आणि डोहाळजेवणाची साडी, शेंदरी म्हणजे वेशीवरचा मारुती. हे रंग आपल्या अंगाला लहानपणापासून लागलेले आहेत. ते धुऊन शुद्ध वर्तुळ आणि शुद्ध निळा कुठून आणायचा? कांडिन्स्कीबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्याचा कोश त्याच्या कानाचा होता. त्याला रंग ऐकू यायचे.

मला वाट सापडली ती भाषेत. भाजी निवडताना सहज मनात आलं की आपण मराठीत नुसता रंग फारसा म्हणतच नाही. समुद्र निळा नसतो, निळाशार असतो. शेत हिरवंगार, आंबा पिवळाधमक, जांभूळ खाल्लेली जीभ जांभळीगर्द. आणि एकाच रंगाला दोन-दोन शेपट्या. पांढरा शुभ्र असतो तो धुतलेल्या धोतराचा, आणि पांढरा फटक असतो तो वाईट बातमी ऐकलेल्या चेहऱ्याचा. डोळे काळेभोर, अंधार काळाकुट्ट. लालबुंद झालेला चेहरा आणि लालभडक साडी यांची अदलाबदल करून बघा, होत नाही. ‘फटक’ला, ‘भोर’ला, ‘शार’ला वेगळा काढून अर्थ विचारला तर सांगता येत नाही. पण भावना सगळी तिथे आहे. ‘पांढरा’ शब्दात काहीच घडत नाही, ‘फटक’मध्ये रक्त उतरतं.

मग चित्रात हे ‘फटक’ आणि ‘भोर’ कुठे असतं? मी अण्णांच्या त्या कागदासमोर कितीतरी संध्याकाळी हा एकच प्रश्न घेऊन बसले. निळा तोच होता. डावीकडे तो विरत विरत कागदाच्या पांढऱ्यात मिसळला होता, तिथे जीव शांत होत होता. उजवीकडे गाळाच्या रेघेला तोच निळा टक्कर देऊन थांबला होता, आणि तिथे नजर गेली की पोटात कालवत होतं. एकच रंग, एकच कागद. फरक कडेचा होता.

मला आता पक्कं वाटतं की जलरंगात भावना रंगापेक्षा जास्त कडेत राहते. रंग सांगतो की काय आहे. ते कुठे आणि कसं थांबलं हे कड सांगते. आणि आकार म्हणजे तरी काय, रंग जिथे जिथे थांबला त्या जागांची बेरीज.

शाळेत संकल्पचित्राच्या पेपरला आम्ही अमूर्तच तर काढायचो. वर्तुळ, चौकोन, पानाचा आकार, त्यांची पुनरावृत्ती, तोल. पण पोस्टर कलरनं सपाट भरायचं आणि रेघ ओलांडायची नाही. सगळ्या कडा सारख्या. म्हणून ती चित्रं सुबक व्हायची आणि बोलायची नाहीत. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते जरा दुखावले, कारण त्यांची कितीतरी मुलं त्या पेपरला ए ग्रेड मिळवून गेली होती. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण आधी रेघ सांभाळता आली पाहिजे.” तेही खरं आहे.

कड होते कशी, ते नीट बघायला मला दोन वर्षं लागली. कोरड्या कागदावर पातळ रंगाचा थेंब ठेवा आणि त्याच्याकडे फक्त बघत बसा. थेंबाच्या काठावर पाण्याचा थर पातळ, तिथलं पाणी आधी उडतं. ते भरून काढायला मधलं पाणी काठाकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. म्हणून वाळल्यावर मध्य फिका आणि काठ गडद. चहाच्या कपाचा टेबलावर उठतो तो डागही असाच. १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची मीमांसा केली. म्हणजे ही गडद रेघ चित्रकार काढत नाही. ती पाणी जाताना काढतं.

कागद आधीच ओला असेल तर काठच नसतो, रंग जिथवर ओल आहे तिथवर पसरत जातो. ओल किती आहे हे कागदाच्या चकाकीवरून ओळखायचं. तिरकं बघितलं आणि कागद आरशासारखा चमकला, तर रंग वाहवत जाईल. चमक जाऊन नुसता गार, मंद तुकतुकीतपणा उरला की रंग थोडा पसरतो आणि आपला आकार राखतो. तो क्षण खरा. त्यानंतर मात्र पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी तो आधीच्या रंगाला ढकलत नेतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी झालर उठते. तीनशे जीएसएमच्या, म्हणजे जाड, कॉटन कागदावर हा खरा क्षण पुण्याच्या एप्रिलमध्ये अर्धा-एक मिनिट टिकतो. चिपळूणच्या जुलैत कागद तासभर ओलाच असतो, आणि दमट हवेत जुन्या कागदाचा सरस मरून जागोजागी टीपकागदासारखे ठिपकेही पडतात. अण्णा पावसाळ्यात कागद तांदळाच्या डब्यामागे, चुलीच्या भिंतीला ठेवायचे ते उगाच नव्हे. त्यांच्या चित्रांत कडा मऊ का आणि माझ्यात टणक का, याचं अर्धं उत्तर हवेत आहे.

आता त्या एका चित्राबद्दल सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

२२ तारखेला पहाटे अण्णांचा फोन आला होता. “पाणी पायरीला लागलंय, मी वर शेजाऱ्यांकडे जातो.” त्यानंतर फोन लागला नाही. गाव अंधारात, टॉवर बंद, रस्ते बंद. अडीच दिवस मी पुण्यात माझ्या स्वयंपाकघरात होते. टीव्हीवर होड्या दिसत होत्या, ओळखीच्या बाजारपेठेतून चाललेल्या. दर पाच-दहा मिनिटांनी मी नंबर लावायची आणि तीच बाई तेच वाक्य म्हणायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. या अडीच दिवसांत माझ्या हातून कणीक मळली गेली, दूध उतू गेलं, कपडे आत आणले. बाहेरचा उजेड राखाडी होता, मग जरा कमी राखाडी, मग पुन्हा राखाडी. आठवतं ते एवढंच. आक्रोश आठवत नाही.

त्याचं चित्र करायचं तर मी आधी काळा घेतला. खोटं झालं. मग गाळाचा तांबडा घेतला आणि खालून वर चढत आलेला, वर सरळ कड असलेला आकार केला. चित्र जोरकस झालं, घरी आलेल्या प्रत्येकाला आवडलं. पण ती भिंतीवरची पाणसळीची रेघ होती. ते चिपळूणचं चित्र होतं, आणि चिपळुणात त्या रात्री मी नव्हतेच. जे आपण भोगलं नाही त्याचा आव रंगात फार लवकर कळतो.

असे सहा कागद गेले. सातव्याच्या वेळी मी स्वयंपाकघरातच बोर्ड मांडला. अख्ख्या हाफ शीटवर यलो ऑकरचा, मातकट पिवळ्याचा, वॉश टाकला, इतका पातळ की ओला असतानाच जेमतेम दिसावा. ट्यूबलाइटच्या उजेडात दुधावर साय धरते तसा. त्यात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून केलेला करडा सोडला. हे मिश्रण मला फार प्रिय आहे, कारण ते कागदावर पूर्ण एकजीव होत नाही. वाळता वाळता निळा एकीकडे सरकतो आणि तपकिरी दुसरीकडे, करड्याच्या पोटात दोघं ओळखू येतात. अण्णांच्या बुडालेल्या होडीत हेच दोन रंग होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

करडा उजवीकडून आत आला आणि सगळ्या बाजूंनी विरत गेला. कुठेच काठ नाही. कुठे सुरू झाला, कुठे संपला, सांगता येऊ नये असा. फक्त डाव्या अंगाला एक इंचभर जागा मी पहिल्या वॉशपासूनच कोरडी राखली होती. पसरत पसरत रंग तिथे पोचला आणि अडला. मी बोर्ड हलवला नाही, ब्रश लावला नाही. पाणी कडेशी जमलं, फुगीर होऊन थरथरत राहिलं, वाटलं आता फुटून पलीकडे जाईल. गेलं नाही. वाळल्यावर तिथे एक इंच लांबीची, केसासारखी बारीक, गडद कड उरली. बाकी अख्ख्या कागदावर धुकं.

मी बघितलं आणि मला रडू आलं, त्या अडीच दिवसांत आलं नव्हतं ते. फोन लावला की क्षणभर पलीकडे शांतता असते, वाटतं की लागला, आणि मग ती बाई बोलू लागते. तो क्षण त्या एका इंचात होता. मी तो ठरवून काढू शकले नसते. मला फक्त जागा कोरडी ठेवता आली आणि हात मागे घेता आला.

हात मागे घेण्याबद्दल गायतोंड्यांची आठवण येतेच. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून बाहेर पडलेले चित्रकार. आपल्या चित्रांना ते ‘अमूर्त’ म्हणवून घेत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, म्हणत. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास, बाकीचा काळ बसून राहणं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहातलं त्यांचं एक तैलचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कळलं नव्हतं की माणूस इतका वेळ कशाची वाट बघत असेल. त्यांचं माध्यम तेल, रोलर आणि चाकू, माझं पाणी. तरी आता त्या चित्रासमोर उभी राहते तेव्हा मी आकारांच्या कडाच बघते: वर तरंगणारा एखादा तुकडा खालच्या उजेडाला कुठे भिडतो, कुठे त्यात मुरतो. १९८४च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास जमेनासे झाले तेव्हा त्यांनी कागदावर शाईनं छोटी रेखाटनं केली. त्या काळ्या खुणांच्या भोवती जो पांढरा कागद आहे, तो पांढराशुभ्र आहे. फटक नाही. हे कसं साधलं असेल, याचा मी अजून शोध घेते आहे.

गेल्या दिवाळीत अण्णा पुण्याला आले. आता त्यांचा हात कापतो, ब्रश धरत नाहीत. माझा सातवा कागद मी त्यांना मुद्दाम दाखवला नव्हता. त्यांनीच कपाटामागून काढला. हे कशाचं आहे, असं त्यांनी विचारलं नाही. खिडकीपाशी नेला, उजेडात तिरका धरला, जसे ते मुलांच्या वह्या धरायचे. नखानं, कागदाला न टेकवता, करड्याच्या काठाकाठानं फिरत गेले आणि त्या इंचभर जागेशी थांबले.

“इथं कोरडा ठेवला होतास.”

“हो.”

“आणि मग नुसती बघत बसलीस.” त्यांनी चष्मा वर केला. “किती वेळ?”

“अडीच दिवस, अण्णा.”

ते काही बोलले नाहीत. कागद त्यांनी पुन्हा उजेडात धरला.